हाताची भाषा आणि पडद्याची भाषा

‘हा संगणक इंग्रजी आहे’, ‘त्यावर मराठी टाकून घ्यावी लागेल’, ‘मराठी टाकली तर बाकीच्यांना तो वापरता येणार नाही’, ही वाक्ये विद्यापीठांच्या भाषाविभागांत आणि ग्रंथालयांत आजही ऐकू येतात. ती बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मात्र तिन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. लेखणीला जशी भाषा नसते तशी संगणकालाही एक अशी भाषा नसते. त्याच्या वापरात किमान दोन भाषा गुंतलेल्या असतात. यंत्र माणसाशी ज्या भाषेत बोलते ती पहिली. पडद्यावरील सूची, आज्ञा, सूचना आणि इशारे हे सर्व तिच्यात येते. माणूस यंत्रावर ज्या भाषेत लिहितो ती दुसरी. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, हे तिच्यामुळे ठरते. पहिलीला पडद्याची भाषा आणि दुसरीला हाताची किंवा कळफलकाची भाषा म्हणता येईल. या दोन भाषा परस्परांपासून स्वतंत्रपणे निवडता येतात, आणि भारतासारख्या देशात त्या स्वतंत्रपणेच निवडल्या गेल्या पाहिजेत.

वरवर पाहता हा तांत्रिक तपशील वाटतो. परंतु भारतीय साहित्यांच्या अभ्यासकापुढे तो दररोज उभा राहतो. दिल्ली, हैदराबाद, वाराणसी किंवा बडोदे येथे मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती लक्षात घ्यावी. विभागातील संगणकाचा पडदा इंग्रजी असतो, कार्यालयातील कदाचित हिंदी असतो. त्याला लिहायचे असते मराठीत. अवतरणे घ्यायची असतात कन्नड किंवा गुजराती ग्रंथातून. टीपांमध्ये इंग्रजी ग्रंथनामे येणार असतात. या विद्यार्थ्याच्या पडद्याची भाषा कोणती असावी याला एकच उत्तर देता येईल. त्याच्या हाताची भाषा मात्र एका पृष्ठावर चार वेळा बदलणार आहे. पडदा आणि हात यांना एकाच खुंटीला बांधले, तर असे पृष्ठ लिहिलेच जाणार नाही. ते पुढे ढकलले जाईल, रोमन अक्षरांत लिहिले जाईल, किंवा दुसऱ्याकडून टंकलिखित करून घेतले जाईल. त्यांपैकी प्रत्येक मार्गाने भाषेचा अभ्यासक आपल्याच भाषेच्या लेखनापासून एक पाऊल दूर सरतो.

लिहिण्याची व्यवस्था एक आणि वाचण्याची दुसरी, ही स्थिती मराठीला अपरिचित नाही. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी होती. पेशवे दफ्तरातील कागदांचा प्रचंड साठा तिच्यात आहे. बाळबोध ही प्रामुख्याने पोथीची आणि पुढे छापील पुस्तकाची लिपी झाली. दिवसभर मोडीत हिशेब आणि पत्रे लिहिणारा कारकून सायंकाळी बाळबोधीतील पोथी वाचत असे. आपल्या हाताची लिपी आणि डोळ्याची लिपी वेगळी आहे, याचा त्याला कधी अडथळा वाटला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी व्यवहारातून हटली आणि हात व डोळा एका लिपीत आले. आज जी एकरूपता स्वाभाविक वाटते तिचे वय इतके कमी आहे.

याहून जुने आणि वेगळ्या प्रकारचे उदाहरण गोव्याचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, छंद ओवी, परंतु मुद्रणालयात देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. येथे यंत्राची मर्यादा थेट पृष्ठावर उतरली. साधन रोमन म्हणून ग्रंथही रोमन झाला, आणि पुढे कित्येक पिढ्या मराठी वाचकाला तो परका दिसत राहिला. साधनाची भाषा आणि ग्रंथाची भाषा वेगळी असणे ही स्वतः आपत्ती नव्हे. साधनाने ग्रंथाला आपले रूप घ्यायला लावणे ही आपत्ती होय. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरेल.

टंकलेखनयंत्राने ही आपत्ती प्रत्येक कचेरीत आणून बसवली. त्या यंत्रात कळ, खिळा आणि कागदावरील ठसा एका लोखंडी दांड्याने जोडलेले असत. पन्नासाच्या आत कळा आणि प्रत्येकीवर दोन चिन्हे, एवढ्यात देवनागरीचा सारा पसारा बसवायचा होता. परिणामी अर्धी अक्षरे, काने आणि वेलांट्या यांची जुळणी करून अक्षर उभे करावे लागे, आणि जोडाक्षरांची पारंपरिक रूपे गळून पडत. ऱ्हस्व इकाराचे उदाहरण येथे बोलके आहे. उच्चारात तो व्यंजनाच्या नंतर येतो. लिखाणात डावीकडे बसतो. यंत्राचा गाडा एकाच दिशेने सरकत असल्याने टंकलेखकाला वेलांटी आधी आणि व्यंजन मागाहून उमटवावे लागे. ‘कि’ लिहिताना हात प्रथम ‘ि’ म्हणे आणि मग ‘क’. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपीसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे द्यावी, अशी सूचना केली होती. ती टिकली नाही. लिपीने यंत्रापुढे किती वाकावे याला समाजाने घातलेली ती मर्यादा होती, असे म्हणता येईल.

संगणकाने या लोखंडी दांड्याचे दोन ठिकाणी तुकडे केले. त्यात कळ दाबली जाते ही एक पायरी. त्या कळीचे एका अंकात, म्हणजे संकेतात, रूपांतर होऊन तो साठवला जातो ही दुसरी. आणि त्या संकेतावरून पडद्यावर आकृती रेखाटली जाते ही तिसरी. तिन्ही पायऱ्या स्वतंत्र आहेत. पूर्वीचाच ऱ्हस्व इकार घ्यावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहिणारा प्रथम ‘क’ दाबतो, मग इकार. साठवणही त्याच उच्चारानुसारी क्रमाने होते. आकृती रेखाटताना मात्र वेलांटी डावीकडे जाऊन बसते. हाताला उच्चाराचा क्रम मिळतो, डोळ्याला परंपरेचे रूप मिळते. लखनौच्या परिषदेला जो पेच सोडवता आला नाही, तो लिपीत काडीचाही बदल न करता सुटला. कारण हात आणि डोळा यांना एकमेकांपासून मोकळे करता आले.

हे आपोआप घडले नाही. कानपूर येथील आय. आय. टी.मध्ये झालेल्या देवनागरी संगणकाच्या कामाचे प्रात्यक्षिक १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवले गेले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी सामाईक कळफलकाची मांडणी प्रमाणित केली. १९८८ साली तिची सुधारणा झाली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि कानपूरच्या कामाचा वारसा तिच्याकडे आला. १९९१ साली ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांचा संकेतसंच भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर आधारलेली आहे. म्हणजे जगभराच्या संगणकांत आज देवनागरी ज्या क्रमाने साठवली जाते, त्याचा पाया भारतीय अभियंत्यांनी, भारतीय लिप्यांचा एकत्र विचार करून घातला.

असे असूनही १९९०च्या दशकात आणि त्यानंतर बरीच वर्षे मराठीचा लेखनव्यवहार वेगळ्याच वाटेने गेला. निरनिराळ्या उत्पादकांनी आपापले फाँट बाजारात आणले. त्यांची युक्ती सोपी होती. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे आणि विरामचिन्हांचे संकेत तसेच ठेवायचे आणि त्यांच्यावर देवनागरी आकृत्यांचा पोशाख चढवायचा. पडद्यावर मराठी दिसे, कागदावर मराठी छापली जाई, आणि मुद्रकाचे काम त्यात भागे. परंतु आत मराठी नव्हतीच. तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अर्थहीन रोमन चिन्हांची रास समोर येई. प्रत्येक उत्पादकाची जुळणी निराळी असल्याने एका फाँटातील लेख दुसऱ्यात वाचता येत नसे. शोध घेता येत नसे, शब्दसूची करता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. त्या काळात संगणकावर जुळवलेली अनेक नियतकालिके आणि पुस्तके आज छापील प्रतीमुळे वाचता येतात. त्यांच्या मूळ फाइली असून नसल्यासारख्या झाल्या आहेत. दिसणे म्हणजेच असणे, असे मानल्याची ही किंमत आहे. टंकलेखनयंत्र गेले होते, पण त्याने लावलेली सवय गेली नव्हती.

युनिकोडच्या प्रसारानंतर ही दुरवस्था संपत आली. विंडोज २०००पासून देवनागरी लेखनाची सोय मूळ यंत्रणेतच मिळू लागली; मॅक आणि लिनक्स यांतही ती आहे. तरी पडद्याची भाषा आणि हाताची भाषा यांचा गोंधळ नव्या रूपात चालू राहिला, आणि आता तो सोयीच्या नावाखाली चालतो. यंत्रणेत एखादी भाषा जोडली की तिचा कळफलक सोबत येतो. फोनची भाषा बदलली की पुष्कळदा कळफलकही बदलतो. यावरून दोन्ही एकच आहेत अशी समजूत होते. वस्तुतः विंडोजमध्ये पडद्याची भाषा निवडण्याची जागा वेगळी आहे, कळफलक जोडण्याची वेगळी. यंत्र प्रथम सुरू करताना कळफलक कोणता हवा हे स्वतंत्रपणे विचारले जाते आणि दुसरा कळफलक हवा आहे काय, हेही विचारले जाते. हा दुसरा प्रश्न बहुधा घाईत ओलांडला जातो.

या घाईचे परिणाम दोन टोकांना दिसतात. एका टोकाला ‘मराठी’ म्हणून संपूर्ण पडदाच मराठी केला जातो. मग दुरुस्तीस येणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा पुढच्या तासाला त्याच यंत्रावर बसणाऱ्या तमिळभाषक विद्यार्थिनीला सूची वाचता येत नाही, तक्रार होते, आणि पडद्याबरोबर मराठी कळफलकही काढून टाकला जातो. दुसऱ्या टोकाला ‘या संगणकावर मराठी चालत नाही’ असा निर्वाळा दिला जातो. विंडोजच्या ज्या आवृत्तीला ‘सिंगल लँग्वेज’ म्हणतात, तिच्या नावामुळे हा निर्वाळा अधिकच खरा भासतो. त्या आवृत्तीत पडद्याची भाषा एकच ठेवता येते, हे खरे. पण कळफलक मात्र हवे तितके जोडता येतात. एकभाषी म्हणून विकलेल्या यंत्रावर मराठी, कन्नड आणि बंगाली या तिन्हींत लिहिता येते. ही माहिती नसल्याने किती विद्यार्थ्यांनी आपली टिपणे रोमन मराठीत ठेवली असतील, याची गणना कोणी करणार नाही.

सामाईक संगणकाच्या संदर्भात एक अडचण खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. आधीच्या व्यक्तीने कळफलक मराठीवर ठेवून यंत्र सोडले, तर पुढच्याने इंग्रजी म्हणून दाबलेल्या कळांतून देवनागरी उमटते. संकेतशब्द लिहिताना तर अक्षरे दिसतही नाहीत आणि माणूस चक्रावतो. परंतु यावर कळफलक काढून टाकणे हा उपाय नव्हे. चालू कळफलकाचे नाव पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की तो बदलतो. प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कळफलक लक्षात ठेवण्याची सोयही आहे. एवढे सांगणारा एक कागद यंत्राशेजारी लावला तरी निम्म्या तक्रारी थांबतील.

शासकीय पातळीवर हा भेद मान्य झालेला आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. भ्रमणध्वनीसंबंधी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानकाने, म्हणजे आय. एस. १६३३३च्या तिसऱ्या भागाने, फोनवर आठव्या अनुसूचीतील बाविसही भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, असे ठरवले. लिहिण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा एवढ्यांचीच बंधनकारक केली. वाचणे आणि लिहिणे यांना दोन वेगळे हक्क मानणारा हा दस्तऐवज आहे. पण त्याने त्या दोन हक्कांना सारखे वजन दिलेले नाही. बावीस भाषांचा नागरिक वाचक म्हणून गृहीत धरला आहे. लेखक म्हणून तीनच भाषांचा. आजचे बहुतेक फोन प्रत्यक्षात याहून बरेच अधिक कळफलक देतात, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि किमान मर्यादा ठरवताना कोणत्या हक्काला आधी कात्री लागते, हे यावरून कळते. म्हणूनच ‘संगणकावर मराठी हवी’ ही मोघम मागणी अपुरी ठरते. वाचायला हवी, आज्ञा द्यायला हवी, की लिहायला हवी, हे वेगवेगळे मागितले पाहिजे.

लिहिण्याच्या हक्काला महाराष्ट्राच्या प्रशासनात वेगळ्या मार्गाने मान्यता आहे. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द असा मोजला जातो. तेथे पडद्यावरील सूची कोणत्या भाषेत आहे, हे कोणी विचारत नाही. पाहिले जाते ते हाताचे कौशल्य. विद्यापीठीय भाषाविभागांत मात्र या कौशल्याला कारकुनी समजून दूर ठेवले गेले. साहित्याचा संशोधक मराठीत विचार करतो, बोलतो, हस्ताक्षरात लिहितो. पण टंकलेखन दुसऱ्याकडे सोपवतो. ग्रंथसंपादनात ही फारकत महाग पडते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या हातून संहिता शुद्ध राहण्याची शाश्वती कोण देणार? दोन्ही ‘र’ कळफलकावर आहेत. ते कोठे आहेत, हे हाताला ठाऊक असावे लागते.

या ठिकाणी इन्स्क्रिप्ट कळफलकाचा विशेष सांगितला पाहिजे, कारण तो तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला जवळचा आहे. या कळफलकावर डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने येतात, आणि एकाच ध्वनीची जागा निरनिराळ्या भारतीय लिप्यांत एकच राहते. देवनागरीत जी कळ ‘क’ देते तीच बंगालीत, गुजरातीत, ओडियात, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि मलयाळममध्ये त्या त्या लिपीतील ‘क’ देते. मराठीला प्रिय असलेला ‘ळ’ शिफ्टसह ‘ल’च्या कळीवर आहे; गुजराती, ओडिया, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम यांचा ‘ळ’ही तेथेच सापडतो. ज्याने मराठी इन्स्क्रिप्ट शिकून घेतला त्याचा हात या सर्व लिप्या अर्ध्याअधिक शिकलेला असतो. भारतीय लिप्यांच्या वर्णमालेची समान ध्वनिव्यवस्था व्याकरणाच्या वर्गात सांगितली जाते. येथे ती बोटांना जाणवते. पडदा इंग्रजी असो वा मराठी, या लाभात काही फरक पडत नाही.

या सामाईकतेला मर्यादाही आहेत. तमिळनाडू शासनाने १९९९ साली आपला ‘तमिळ ९९’ हा कळफलक प्रमाणित केला, कारण तमिळच्या छोट्या वर्णमालेला वेगळी मांडणी अधिक सोयीची वाटली. उर्दूचा कळफलक आणि लेखनाची दिशा दोन्ही भिन्न आहेत. त्याहून मूलभूत मर्यादा अशी की, भाषा आणि लिपी यांचे नाते भारतात नेहमी एकास एक नसते. सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही. संताळीला ओल चिकी आहे, देवनागरी आणि बंगालीही आहेत. मणिपुरी बंगाली लिपीत लिहिली जात होती आणि आता मैतेई मयेकमध्येही लिहिली जाते. कोंकणीच्या वाट्याला देवनागरी, रोमन, कन्नड अशा लिप्या आल्या. खुद्द मराठीची मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. तेव्हा ‘भाषा निवडा’ एवढ्या एका प्रश्नाने पडदा, कळफलक आणि लिपी हे सारे ठरवून टाकणारी यंत्रणा भारतीय वास्तवाला पुरी पडू शकत नाही. भाषा एक आणि लिपी एक, हे तिचे गृहीतकच येथे लागू पडत नाही.

रोमन कळांनी मराठी लिहिण्याची पद्धत आज सर्वांत लोकप्रिय आहे, आणि हात व पडदा वेगळे असल्याचे ते टोकाचे उदाहरण आहे. बोटे रोमन लिहितात, पृष्ठ देवनागरी होते. ‘क्रिस्तपुराणा’च्या काळी साधनाची जी मर्यादा पृष्ठावर उतरली होती ती येथे उतरत नाही, हे तिचे मोठे श्रेय. ज्यांनी इन्स्क्रिप्ट शिकला नाही अशा लाखो लोकांना तिने लिहिते केले. परंतु अभ्यासकाने तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. रोमन वर्णांत न-ण, ल-ळ, श-ष यांचे भेद सहज राहत नाहीत. म्हणून यातील पुष्कळ साधने कोशाच्या आधारे अंदाज बांधून शब्द सुचवतात. त्या कोशाला आजचा रूढ शब्द ठाऊक असतो. महानुभाव गद्यातील एखादे रूप, बोलीतील उच्चार, तंजावरच्या मराठीतील शब्द त्याला चूक वाटतो आणि तो त्याऐवजी ओळखीचा शब्द बसवतो. जुन्या लेखनिकांच्या हातून पोथ्यांत जे पाठभेद शिरले, त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच नवे पाठभेद यंत्राकडून न कळत स्वीकारावेत, हे शोभणारे नाही. सामान्य पत्रव्यवहाराला रोमन कळफलक पुरेसा आहे. संहितासंपादनासाठी प्रत्येक वर्णाला स्वतंत्र कळ असलेलाच कळफलक हवा.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. हाताची भाषा वेगळी मागितली की पडद्याची भाषा कायमची इंग्रजी राहील. मराठी त्या यंत्रात पाहुणी म्हणून येईल, घरमालक इंग्रजीच असेल. यंत्राला आज्ञा देण्याची भाषा ही सत्तेची भाषा असते, आणि ती सोडून केवळ लेखनाचा कोपरा मागणे म्हणजे तडजोड होय. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या शेतकऱ्याला, गृहिणीला किंवा शाळकरी मुलाला इंग्रजी येत नाही, त्याच्या दृष्टीने मराठी पडदा हीच पहिली गरज आहे, आणि ‘जतन करा’, ‘रद्द करा’ यांसारख्या आज्ञा आता रुळल्या आहेत हे तिच्या व्यवहार्यतेचे प्रमाण होय. पण आक्षेपाचा निष्कर्ष चुकतो. दोन मागण्या एकत्र बांधल्याने पडदा मराठी झालेला नाही; उलट पडदा मराठी करता येत नाही या सबबीवर लेखनाची मागणी मात्र अडवली गेली. त्या सुट्या केल्या तर एकीचा नकार दुसरीवर लादता येणार नाही. ज्याला पडदा मराठी आणि लेखन इंग्रजी हवे आहे, अशाही मनुष्याला या विभक्तीचाच आधार मिळेल. स्वातंत्र्य दोन्ही दिशांनी चालते.

शिवाय तिसरी एक गोष्ट उरते, ती मजकुराच्या भाषेची. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत; महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातही मराठी वळणांचा आग्रह आहे. दोन्ही भाषांत या अक्षरांचा संकेत मात्र एकच. अनेक फाँटांत दोन्ही रूपे असतात, आणि मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितले असेल तरच मराठी रूप उमटते. वर्णानुक्रमाचेही तसेच आहे. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे. शब्दसूची लावताना मजकुराची भाषा सांगितली नाही तर मराठी कोशाचा क्रम बिघडतो. ‘ॲ’ हे अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये आले. त्यापूर्वीचे लेखक ‘अ’वर चंद्र देत. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात. शोधणाऱ्या यंत्राला ती दोन भिन्न अक्षरे आहेत. पडदा मराठी केल्याने यांपैकी एकही प्रश्न सुटत नाही.

या विवेचनातून विद्यापीठांसाठी निघणारी कर्तव्ये फार खर्चाची नाहीत. विद्यापीठात ज्या भाषा शिकवल्या जातात त्या सर्वांचे कळफलक प्रत्येक सामाईक संगणकावर असावेत. त्यासाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही. पडद्याची भाषा बसणाऱ्याने आपल्या खात्यापुरती निवडावी. भाषाविभागांनी पहिल्याच सत्रात इन्स्क्रिप्टचा सराव अभ्यासक्रमात घ्यावा. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत हात बसतो, आणि हे श्रम एका भाषेसाठी केले तरी अनेक लिप्यांना उपयोगी पडतात. भारतीय भाषांतील प्रबंधांची संगणकीय प्रत युनिकोडमध्येच स्वीकारली जावी. छापील प्रत सुंदर दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. जुन्या फाँटांतील फाइली अजून उघडत आहेत तोवर त्यांचे रूपांतर करून घ्यावे, आणि रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहावा. यंत्रांच्या निविदा काढणाऱ्यांनी ‘मराठीची सोय’ असा शब्दप्रयोग टाळून पडदा, कळफलक आणि मजकूर यांच्या अपेक्षा तीन स्वतंत्र कलमांत लिहाव्यात.

बहुभाषिकता हा भारतीय साहित्यांच्या अभ्यासाचा विषय आहे तशी ती त्याची पद्धतही आहे. एका भाषेत वाचावे, दुसरीत विचार करावा आणि तिसरीत लिहावे, हे या देशातील विद्वानांनी शतकानुशतके केले. एकभाषी समाजांच्या सवयीतून घडलेले यंत्र ‘तुमची भाषा कोणती’ असा एकवचनी प्रश्न विचारते, तेव्हा त्या प्रश्नापुढे गप्प बसण्याचे कारण नाही. यंत्राच्या पोटात अनेकवचनी उत्तराची सोय कधीच झालेली आहे. ती मागून घेणे आणि तिच्यासाठी हात तयार करणे एवढे काम उरले आहे, आणि ते भाषेच्या अभ्यासकांखेरीज दुसरे कोणी करणार नाही.